शून्य बिलापासून साडेसात एचपीपर्यंत

महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या (अश्वशक्तीच्या) शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून ५ वर्षे मोफत वीज देण्याचा निर्णय झाला, तेव्हा विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर आली होती. लाभार्थी शेतकरी सुमारे ४४ लाख. ज्यांना २००४ आठवते त्यांना यात नवे काही वाटले नसेल. त्या वर्षीही निवडणुकीआधी मोफत विजेची घोषणा झाली आणि शून्य रकमेची बिले गावोगाव पोचली. काँग्रेस-राष्ट्रवादीची तीच आघाडी सत्तेवर परतली आणि २००५ मध्ये सवलत मागे घेतली गेली. त्याच सुमारास खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन चालू होते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला शब्द आहे ‘शेतीचा वीजवापर’. तो मोजलेला नसतो, धरलेला असतो. सत्तरच्या दशकात मीटर वाचण्याऐवजी पंपाच्या एचपीवर ठोक आकारणी सुरू झाली. पंप किती एचपीचा आणि वर्षाकाठी तो किती तास चालला असेल, यांचा गुणाकार म्हणजे वापर. तास जास्त धरले की शेतीचा वापर फुगतो आणि गळती तेवढी कमी दिसते. आकडा टाकून चोरलेली वीज, जुनाट तारांत वाया गेलेली वीज, शहरातली वसूल न झालेली वीज, सगळी शेतकऱ्याच्या नावावर मांडता येते. मीटर असलेल्या पंपांनाही वर्षानुवर्षे सरासरी बिले गेली. कागदावरचा वापर प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त आहे, हे पुढे सरकारी चौकशीतही निघाले. तरीही थकबाकीचा विषय आला की ‘फुकट्या’ ठरतो तो शेतकरीच. हा अन्याय आहे आणि मोफत विजेने तो आणखी झाकला जातो, कारण शून्य बिलावरचे युनिट कोण तपासणार?

२००३च्या वीज कायद्याने दोन वर्षांत प्रत्येक जोडणीला मीटर बंधनकारक केला होता. सवलत द्यायची तर सरकारने तिची रक्कम आगाऊ भरावी, असेही त्यात आहे. मीटरचे काम वीस वर्षांनंतरही अपुरे आहे. सवलतीचा काही भार उद्योगांच्या दरांवर पडत राहिला.

राज्यातली बहुतेक शेती कोरडवाहू. ज्याच्या रानात विहीरच नाही त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही आणि निवडणुकीच्या सभांत त्याचे नावही निघत नाही. ज्याच्याकडे पंप आहे त्याची मागणी तरी फुकटाची कुठे होती? त्याला दिवसा थ्री फेज, म्हणजे पंप चालेल अशी पूर्ण दाबाची वीज हवी होती. गावठाण फीडर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या वाहिन्या, शेतीपासून वेगळे झाल्यावर गावात दिवे राहिले, पण शेतीची लाइट काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १० तास, अशी पाळीने येऊ लागली. रात्री बारी धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेल्यांना साप चावले. जुन्नरसारख्या भागात बिबट्याच्या भीतीने माणसे जोडीने रानात जातात. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर बदलून येईपर्यंत पीक हातचे जाते आणि बिलच नसलेल्या ग्राहकाने तक्रार तरी कोणत्या जोरावर करायची?

आता शेतीचे फीडर सौरऊर्जेवर नेऊन दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. साडेसात एचपीच्या वर पंप असलेल्यांचे बिल आणि सगळ्यांची जुनी थकबाकी मात्र आहे तिथेच आहे.