अप्रेंटिस की युवा प्रशिक्षणार्थी? दोन कागद शेजारी ठेवून

परवा वाचनालयाच्या टेबलावर माझ्यासमोर दोन कागद आले. एक करार होता: चांगला जाडसर, प्रत्येक पानावर कंपनीचा शिक्का आणि वर लांबलचक नोंदणी क्रमांक. दुसरा एकपानी आदेश, जावक क्रमांकासह, ‘आपण या कार्यालयात रुजू व्हावे’ असं सांगणारा. कागद चुलत भावंडांचे. भाऊ आयटीआय फिटर, बहीण बी.ए. झालेली. दोघांना घेऊन आजी आली होती.

“गुरुजी, दोघांनाबी नोकरी लागली. आता कोणाची पक्की ते तेवढं सांगा.”

पक्की कोणाचीच नाही. खरं तर नोकरीही कोणाची नाही. पण हे आजीला एकदम कसं सांगायचं, म्हणून मी आधी चष्मा पुसला आणि कागद वाचायला घेतले.

आयुष्यभर आयटीआयमध्ये पोरांच्या हातात कानस दिली, त्यामुळे यातला पहिला कागद मला तोंडपाठ आहे. दुसरा माझ्या निवृत्तीनंतरचा. आता दर आठवड्याला दोन्ही तऱ्हेची पोरं येतात आणि दोन्हींचा गोंधळ तोच असतो. तो होणारच म्हणा. दोन्हीकडे शब्द सारखे: प्रशिक्षण, विद्यावेतन, आस्थापना, प्रमाणपत्र. दोन्हींना मुदत. दोन्हींसाठी संकेतस्थळावर नोंदणी. गावात तर दोघांबद्दलही एकच बोललं जातं, ‘ट्रेनिंगला लागलाय’. त्यात २०२४ मध्ये केंद्राची इंटर्नशिप योजना आली, तेव्हापासून तर विचारू नका. ती तिसरी गोष्ट आहे, तिला इथे हात लावत नाही.

भावाचा कागद म्हणजे शिकाऊ उमेदवारी, बोलीत अप्रेंटिस. तिच्यामागे संसदेने केलेला कायदा आहे, १९६१ चा. बहिणीचा कागद मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा, म्हणजे लोकांनी ‘लाडका भाऊ’ असं नाव पाडलं ती. (बहिणीलाही लाडका भाऊच म्हणतात, त्याला इलाज नाही.) तिच्यामागे राज्य सरकारचा ९ जुलै २०२४ चा शासन निर्णय, म्हणजे जीआर, आहे. कायदा आणि जीआर हा फरक वकिली वाटतो, पण पुढचे बहुतेक फरक त्याच्याच पोटातून निघतात. जीआर दुसऱ्या जीआरने बदलतो. हीच योजना सुरू झाली तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती, २०२५ मध्ये ती आणखी पाच महिने वाढवून अकरा केली. वाढली तेव्हा पोरं खूश झाली. जे एका कागदाने वाढतं ते एका कागदाने थांबूही शकतं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पैशाचं, कारण पोरं पहिल्यांदा तेच विचारतात.

कार्य प्रशिक्षणात बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. वयाची अट १८ ते ३५, आणि उमेदवार महाराष्ट्राचा रहिवासी हवा. पैसे राज्य सरकार देतं, थेट बँक खात्यात. अप्रेंटिसला पैसे देते ती कंपनी. केंद्र सरकार आपल्या योजनेतून त्यातला काही वाटा उचलतं, पण देणं कंपनीचंच. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० असं ठरलं, त्यात आयटीआय झालेल्याला ७,०००. हा किमान आकडा आहे. मोठे कारखाने जास्तही देतात, आणि दर सरकार बदलू शकतं, म्हणून मी नेहमी करारावरचा आकडा वाचतो, ऐकीव नाही.

म्हणजे नुसते किमान आकडे शेजारी ठेवले तर आयटीआयच्या पोराला कारखान्यात सात आणि सरकारी कचेरीत आठ. त्यात कचेरी तालुक्याला, कारखाना दीडशे किलोमीटरवर, खोलीभाडं वेगळं. भाऊही याच पेचात होता. “सर, हजार रुपये जास्त आणि घरचं जेवण. मग कशाला जाऊ कंपनीत?”

हिशोब त्याचा बरोबर होता. फक्त तो पहिल्या महिन्याचा होता.

अप्रेंटिसचं वर्ष संपलं की परीक्षा असते, देशभर एकच. ती पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, ज्याला पोरं एनएसी म्हणतात. फिटरची प्रात्यक्षिक परीक्षा ज्याने दिली आहे त्याला विचारा. लोखंडाचे दोन तुकडे, एकात खाच, दुसऱ्यात तिच्यात बसणारी जीभ. हॅक-सॉने कापा, कानसीने घासा, व्हर्निअरने मोजा, पुन्हा घासा. शेवटी तुकडे एकमेकांत बसवून परीक्षक ते उजेडाकडे धरतो. फटीतून उजेडाची रेघ दिसली की गुण गेले. मी अनेक पोरांना त्या रेघेकडे बघत घाम पुसताना पाहिलंय. त्या प्रमाणपत्रामागे अशी एक रेघ असते, आणि कारखान्यात मुलाखत घेणारा फोरमन स्वतः कधीतरी त्या रेघेसमोर उभा राहिलेला असतो.

शिवाय ते प्रमाणपत्र काही दारं खरोखर उघडतं. रेल्वेच्या कारखान्यांत आणि शेडमध्ये ज्यांनी अप्रेंटिस पूर्ण केली, त्यांच्यासाठी रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या, थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. महामंडळांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगून ठेवलंय की बाकी सगळं समान असेल तर शिकाऊ उमेदवारी केलेल्याला थेट भरतीत अग्रक्रम द्यावा. अग्रक्रम हा शब्द नीट वाचा. हक्क असं कुठे म्हटलेलं नाही. कायद्याचं कलम २२ पूर्वी स्पष्टच सांगायचं की मुदत संपल्यावर उमेदवाराला कामावर ठेवणं मालकावर बंधनकारक नाही; २०१४ च्या दुरुस्तीनंतर भरतीचं धोरण ज्या त्या मालकाने ठरवायचं असतं. ‘अप्रेंटिस केली की एसटीत घेतात’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. काहींना घेतलं. पुष्कळांना नाही घेतलं.

कार्य प्रशिक्षणाच्या शेवटीही प्रमाणपत्र मिळतं. पण ते देते ती आस्थापना, आणि त्यात असतं ते एवढंच की अमुक काळ इथे प्रशिक्षण घेतलं. परीक्षा नाही, कारण अभ्यासक्रम नाही. मी याला नावं ठेवत नाही. बी.ए. झालेल्या मुलीला, जिच्या हातात कुठलाच ट्रेड नाही, तिला अप्रेंटिसपेक्षा हा रस्ता सोपा आहे. पदवीधरांसाठीही शिकाऊ उमेदवारी असते, तिचं काम पश्चिम विभागासाठी मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडून चालतं, पण तालुक्यात बी.ए.ला घेणारी आस्थापना शोधायची म्हणजे दिवसा चांदण्या शोधणं. कचेरीत मात्र जागा असते.

फक्त तिथे काय शिकायला मिळेल ते ज्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकतात त्याच्यावर असतं. मी बहिणीला विचारलं, महिनाभर काय केलंस? तर म्हणाली, “झेरॉक्स काढल्या, आवक रजिस्टर लिहिलं, आणि साहेबांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं.” मी म्हटलं, आवक रजिस्टर लिहितेस ना, मग आलेलं पत्र पुढे कुठल्या टेबलावर जातं ते बघ. त्यावर टिपणी कशी लिहितात ते बघ. दोन टिपण्या स्वतः लिहून मोठ्या लिपिकाला दाखव, तो रागावला तर रागावू दे. अकरा महिन्यांनी तिच्याकडे टिपणी लिहिता येणारा हात असेल, तर वकिलाकडे, पतसंस्थेत, कुठेही चालेल. झेरॉक्स सगळ्यांनाच काढता येते.

सुरक्षेचा फरक मोठा आहे आणि त्याबद्दल कुणीच विचारत नाही. कायद्याच्या लेखी अप्रेंटिस कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे बहुतेक कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. पगारातून पीएफ कापला जात नाही. पण दोन गोष्टी त्याला मिळतात. कारखान्यात असेल तर आरोग्य-सुरक्षेच्या कायदेशीर तरतुदी त्यालाही लागू, आणि प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. हे कलमात लिहिलेलं आहे. कंपनीने करार मोडला आणि चूक कंपनीची ठरली, तर तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. ओव्हरटाइम परवानगीशिवाय नाही. कचेरीत कानशीने बोट कापण्याची भीती नाही हे खरं, पण कार्य प्रशिक्षणाची आस्थापना खाजगी कारखानाही असू शकते. तिथे मशीनवर उभं करणार असतील तर विम्याचं आधी लेखी विचारून घ्या.

हे संरक्षण अर्थात करार नोंदलेला असेल तरच. माझ्या एका विद्यार्थ्याने एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौदा महिने ‘अप्रेंटिस’ केली. कार्ड होतं, गणवेश होता, गेटवर हजेरी होती. परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कळलं की करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदलाच नव्हता. कंपनीच्या लेखी तो अप्रेंटिस, सरकारच्या लेखी तो कुणीच नाही. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, चौदा महिने गेले. नाव घेत नाही, पण अजूनही त्या रस्त्याने गेलो की मान वळवतो. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने भाग आहे, त्यामुळे कंपनीला ‘आमच्याकडे अप्रेंटिस नाहीत’ असं म्हणायची पंचाईत असते. ‘आहेत, पण नोंदलेले नाहीत’ ही पळवाट त्यातूनच निघते. म्हणून पहिल्या आठवड्यातच करार क्रमांक मागा. तो पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसला पाहिजे, एचआरच्या तोंडात नव्हे.

बहिणीच्या वाटेवरचा खड्डा वेगळा. तिचे पहिले पैसे आलेच नाहीत. कचेरी म्हणते हजेरी पाठवली, पोर्टल म्हणतं रक्कम जमा, पासबुक कोरं. बँकेत विचारलं तर “आधार लिंक आहे की मॅडम.” लिंक होतं, पण केवायसीपुरतं. सरकारी पैसे जातात ते डीबीटीसाठी, म्हणजे थेट खात्यात पैसे येण्यासाठी, आधारशी जोडलेल्या (बँकेच्या भाषेत ‘सीडिंग’ केलेल्या) खात्यात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं: ज्या बँकेत शेवटचं जोडलं ते. हिने कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं, तिथे पैसे मुकाट बसले होते. तेव्हा रुजू होण्याआधी बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ असाच प्रश्न विचारा. नुसतं ‘लिंक आहे का’ विचारलं की उत्तर हो येतं.

या योजनेतून कायम करतील, अशी आशा मात्र पुष्कळांनी धरली. मुदत संपत आली तशी कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनंही केली. त्यांचा राग मला समजतो. अकरा महिने रोज साडेनऊला कचेरीत जायचं, लोकांचे अर्ज घ्यायचे, लोकांनी ‘मॅडम’ म्हणायचं, आणि बाराव्या महिन्यात पुन्हा घरी. पण कागदावर पहिल्या दिवसापासून प्रशिक्षण असंच लिहिलं होतं. अप्रेंटिसच्या कागदावरही तेच असतं. फरक इतकाच की अप्रेंटिसला साठ वर्षांची सवय आहे, गेटबाहेर पडायची.

माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे ट्रेड आहे त्याने अप्रेंटिस सोडू नये, हजार रुपये कमी असले तरी, आणि घरापासून लांब असली तरी. आयटीआयनंतर दोन-तीन वर्षं कचेरीत बसलेला फिटर पुन्हा कारखान्यात उभा राहायला लाजतो, हाताची सवय जाते. ज्याच्याकडे ट्रेड नाही त्याने कार्य प्रशिक्षण घ्यावं, पण संध्याकाळी टायपिंग, टॅली, स्पर्धा परीक्षा, काहीतरी एक चालू ठेवून. एखाद्या आयटीआयवाल्याच्या घरी आजारी माणूस असेल, गाव सोडणं शक्यच नसेल, तर माझं मत बाजूला ठेवा. घरचं घरच्यांना कळतं.

भावाने शेवटी करारावर सही केली होतीच, तो फक्त माझ्याकडून ‘बरोबर केलंस’ ऐकायला आला होता. बहीण सीडिंगचा फॉर्म घेऊन बँकेत गेली. आजी मात्र उठेना. हे सगळं ऐकून तिने एकच विचारलं.

“मग सोयरिकीच्या कागदावर नोकरीच्या जागी काय लिवायचं?”

मी म्हटलं, पोराच्या कागदावर लिहा, फिटर, कंपनीत शिकाऊ उमेदवार. पोरीच्या कागदावर तिलाच विचारून लिहा.

“तिला इचारलं तर ती म्हणंल आत्ता कागदच काढू नका.”

“मग काढू नका,” मी म्हटलं. बहिणीची चुलतभावाशी नजरानजर झालेली मी पाहिली नाही असं दाखवलं.