विहिरीचा झरा आणि बोअरचं भोक

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा चर्चा झाली पावसाची आणि उसाची. जमिनीखालच्या दगडाचं नाव फारसं कुणी घेतलं नाही.

हा दगड म्हणजे बसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एकावर एक साचलेले त्याचे थर बहुतेक मराठवाड्याखाली आहेत. (देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट लागतो, तिथलं गणित वेगळं.) विहीर खणताना हे थर उघडे पडतात. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा पट्टा लागतो. तो स्वतः फारसं पाणी देत नाही, पण त्याच्या डोक्यावर ओल सापडते. एवढं करून खडकातून निथळून हाती येतं ते त्याच्या घनफळाच्या जेमतेम १ ते ३ टक्के.

जुन्या लोकांनी वरचंच पाणी धरलं. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली. पुढं मलिक अंबरनं औरंगाबादेत, म्हणजे तेव्हाच्या खडकीत, डोंगरपायथ्याशी मुरलेलं पाणी भुयारी नहरीतून निव्वळ उतारानं शहरात आणलं.

१९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि पाषाण फोडणारी हवेच्या दाबाची यंत्रं गावोगाव फिरू लागली. भोक पडायचं, पण त्यावर बसवलेले बिडाचे हातपंप अख्ख्या गावाच्या हातांखाली टिकत नसत. ते एका घराच्या वापरासाठी बनवलेले. त्याच सुमारास जालन्यात मिशनच्या मंडळींनी पोलादाचा दणकट पंप तयार केला. सोलापुरात तो आणखी सुधारला आणि त्यातूनच पुढं देशभर पोचलेला ‘इंडिया मार्क २’ घडला. जालन्याच्या स्टीलबद्दल बोलणाऱ्यांनी या पंपाचीही आठवण ठेवायला हरकत नाही.

हातपंपाच्या उपशाला माणसाच्या दंडाची मर्यादा होती. पाण्यातली मोटार आली आणि ती मर्यादा गेली. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअर-गाड्या शिवारात उभ्या राहू लागल्या, नारळ फोडून पाणाड्यानं दाखवलेल्या जागी ५००-६०० फूट मारू लागल्या. केसिंग, म्हणजे भोकाची भिंत धरून ठेवणारा पाइप, टाकतात ते फक्त वरच्या ढासळत्या भागात. त्यामुळं मधल्या भेगांतलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं आणि शेजारच्या विहिरीचा झरा तुटतो. ‘त्याच्या बोअरनं आमची विहीर खाल्ली’ ही तक्रार भाऊबंदकीतली वाटली, तरी भूशास्त्राच्या बाजूनं ती बऱ्याचदा खरी असते.

सार्वजनिक पाणवठ्याच्या ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे राज्याच्या १९९३च्या भूजल कायद्यातच होतं. २००९चा कायदा जून २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. शेतकरी मात्र गाडीवाल्याला अजूनही फुटाचाच भाव विचारतो, आणि तो २०० फुटांवर थांबत नाही.