वयोगट आणि गटविभागणी (खान्देशातील शालेय क्रीडास्पर्धा)

खेळाडूंची वयानुसार, आणि काही खेळांत वयाच्या जोडीने वजनानुसारही, केलेली वाटणी म्हणजे वयोगट. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत, मुलांच्या आणि मुलींच्या वेगळ्या होतात. भारतीय शालेय खेळ महासंघाची हीच रचना देशभर चालते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जाणारा खान्देशी संघ नाशिक विभागाकडून राज्यस्पर्धेत उतरतो. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा याशिवाय वेगळ्या भरतात. या विभागाचे खान्देशात नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल असे चार प्रकल्प आहेत.

वय मोजायचा दिवस ३१ डिसेंबर. त्या दिवशी ज्याला चौदा पूर्ण झालेली नाहीत तो १४ वर्षांखालील गटात बसतो. २०२३-२४ च्या हंगामात १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतर जन्मलेले विद्यार्थी या गटात खेळले. एक दिवस आधी, ३१ डिसेंबर २००९ ला जन्मलेला मुलगा थेट १७ वर्षांखालील गटात जातो आणि स्वतःपेक्षा जवळपास तीन वर्षांनी मोठ्या मुलांसमोर उभा राहतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुले झपाट्याने वाढतात, त्यामुळे हे अंतर मैदानावर फार जाणवते. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले निवडीत पुढे राहतात, हे १९८० च्या दशकात कॅनडातील आइस हॉकीच्या अभ्यासातून पुढे आले आणि पुढे अनेक खेळांत आढळले. गटाच्या आतही बारा महिन्यांची विषमता असते, आणि ती कोणत्याही नियमाने पूर्ण मिटत नाही.

नियम तारखेवर उभा आहे. मग ती तारीख आली कुठून, हा खान्देशातला खरा प्रश्न. खेळाडूचे वय शाळेच्या जनरल रजिस्टरमधील, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीतील, नोंदीवरून ठरते. गावोगाव आजही शेकडो लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण जून उजाडला की गुरुजी घरोघर फिरून मुले गोळा करत आणि डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला लागला की मूल सहा वर्षांचे झाले असे धरून तारीख लिहीत. ही पद्धत आता मागे पडली आहे, पण सातपुड्याच्या कुशीतील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत घरी झालेल्या बाळंतपणांची, किंवा ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबात तिकडेच जन्मलेल्या मुलांची नोंद मागे राहून जाते. मग शाळेत नाव घालताना तारीख अंदाजाने पडते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. २०२३ मधील दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच वयाचा पुरावा ठरला. ही मुले शालेय मैदानावर उतरायला अजून बराच अवधी आहे.

अंदाजाच्या तारखेने दोन्हीकडून अन्याय होतो. कागदावर लहान पण अंगाने मोठा मुलगा दिसला की समोरचा संघ हरकत घेतो आणि मुलावर ‘वय चोरल्याचा’ शिक्का बसतो, जरी त्याने किंवा त्याच्या आईबापाने काहीच चोरलेले नसले तरी. उलट ज्याचे वय रजिस्टरात दोन वर्षांनी जास्त पडले तो आपला गट खेळण्याआधीच त्यातून बाहेर पडतो. त्याच्या बाजूने हरकत घ्यायला कोणीच नसते. जाणूनबुजून केलेली लबाडी आणि नोंदच न झालेला जन्म या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याच पाहिजेत. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मिळते, म्हणून लबाडीला कारण असते हेही खरे. केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली ती त्यासाठीच.

शंका आल्यास डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढून हाडांची पक्वता पाहतात. क्रिकेट नियामक मंडळ वापरते ती टॅनर-व्हाइटहाउस पद्धत याच जातीची. या चाचणीतून हाडांचे वय कळते, जन्मतारीख नव्हे, आणि दोन्हींत वर्षभराचा किंवा त्याहून अधिक फरक अगदी निरोगी मुलांतही सापडतो. दीर्घकाळ पोट न भरलेल्या मुलाची हाडे उशिरा पक्व होतात. कुपोषणाने ग्रासलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात एक्स-रेवर आंधळेपणाने विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शाळांऐवजी त्या त्या खेळाच्या संघटनांनी भरवलेल्या स्पर्धांत गट वेगळे पडतात. कबड्डीत किशोर गटाला १६ वर्षांची आणि ५५ किलोंची अशी दुहेरी मर्यादा असते. त्यामुळे सामन्याच्या सकाळी वजनकाट्यासमोर रांग लागते, आणि आदल्या दिवसापासून उपाशी राहिलेली मुले तीत दिसतात. प्रशिक्षकांनी हे थांबवायला हवे. मैदानही गटाप्रमाणे बदलते: पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, किशोरांसाठी ११ बाय ८. खो-खोत किशोर-किशोरी १४ वर्षांखालील, तर कुमार-मुली १८ वर्षांखालील. राष्ट्रीय स्पर्धेत या गटांतील सर्वोत्तम खेळाडूंना अनुक्रमे भरत, इला, वीर अभिमन्यू आणि जानकी या नावांचे पुरस्कार मिळतात. मैदानी खेळांत साधनच हलके होते. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोंचा, २० वर्षांखालील मुलांचा ६ आणि १८ वर्षांखालील मुलांचा ५ किलोंचा.

यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत यातले काहीच नसते. पंच दोन पोरांना शेजारी उभे करतात, खांदे, मान, मांड्या नजरेने जोखतात आणि जोड लावतात. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून मोठ्या इनामापर्यंत हाच रिवाज. जाणत्या पंचाची नजर पुष्कळदा कागदापेक्षा न्यायी ठरते, मात्र तिच्यावर दाद मागता येत नाही.

खान्देशातील शालेय नियमांचा भर वरच्या मर्यादेवर आहे. चीअरलीडिंगसारख्या, मानवी मनोरे आणि कोलांट्यांच्या सांघिक खेळात खालची मर्यादाही तितकीच महत्त्वाची मानतात. या खेळाच्या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. अमेरिकेतील क्लबस्पर्धांत संघांची वाटणी वय, कौशल्याची पातळी आणि संघातील खेळाडूंची संख्या अशा तिन्ही कसोट्यांवर होते. मनोरा किती उंच, कोलांट्या किती अवघड, हे पातळीनुसार बांधलेले असते. मोठ्यांच्या संघात वर उडवायला चिमुकले मूल घेतले जाऊ नये म्हणून तिथे किमान वयाची अट आहे. महाराष्ट्रात हाच प्रश्न दहीहंडीच्या निमित्ताने न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वयाला किमान १८ वर्षांची आणि उंचीला कमाल २० फुटांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीची अट उठली आणि १४ वर्षांखालील मुलांना थरांत घ्यायचे नाही, ही राज्य सरकारची हमी न्यायालयाने स्वीकारली. जळगाव-धुळ्याच्या चौकांतील हंड्यांनाही ती लागू आहे. शाळांच्या २६ जानेवारीच्या कवायतीतील मानवी मनोरे मात्र स्पर्धा नसल्याने कोणत्याच वयोगटात येत नाहीत. तिथे सर्वांत वर कोणाला चढवायचे हे क्रीडाशिक्षक ठरवतात, आणि निवड बहुधा सर्वांत हलक्या, म्हणजे सर्वांत लहान मुलाची होते.