हॉथॉर्नची दुसरी खोली

माणसं कामात हात आखडता का घेतात, हा मालकांचा जुना प्रश्न. कामाच्या पद्धती मोजूनमापून ठरवणारा अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याचं उत्तर सरळ होतं: पद्धत आम्ही ठरवू, जास्त कामाला जास्त मजुरी देऊ. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील या पोलाद कंपनीच्या आवारात चाळीस किलोहून जड लोखंडी ठोकळे वॅगनमध्ये भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन उचलायचा. टेलरच्या सांगण्यानुसार तो ४७ टनांवर गेला. रोजची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, पैसे दुप्पटसुद्धा नाहीत. हा हिशेब मजुरांनाही येत होता.

मग शिकागोजवळचा, टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना. १९२४ पासून तिथे उजेड कमी-जास्त करून उत्पादन मोजलं गेलं. दिवे मंद केले तरी काम घटेना, म्हणजे आपल्याकडे कुणी लक्ष देतंय या भावनेनेच माणूस जोमाने काम करतो, असा अर्थ पुढे लावला गेला. मूळ आकडे अलीकडे पुन्हा तपासले, तेव्हा हा परिणाम फारसा ठळक दिसला नाही. १९२७ मध्ये रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे छोटे स्विच) जोडणाऱ्या पाचजणींना, त्यांचं काम मोजण्यासाठी, वेगळ्या खोलीत बसवलं. त्यातल्या दोघींना फार बोलतात म्हणून पुढच्याच वर्षी बदललं. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत हे सहसा सांगत नाहीत.

माणूस कशामुळे काम करतो यावर सिद्धांत मांडणारे मॅस्लो (१९४३), हर्झबर्ग, मॅकग्रेगर हे सगळे नंतरचे. मला मात्र हॉथॉर्नमधलीच दुसरी खोली जास्त बोलकी वाटते. नोव्हेंबर १९३१ पासून तिथे टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडणारे १४ पुरुष काम करत होते, आणि एक निरीक्षक कोपऱ्यात बसून टिपणं घेत होता. गटाने जास्त माल काढला तर सगळ्यांचीच कमाई वाढणार होती. तरी रोज किती काम ‘पुरे’, हे त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. कुणी भरभर हात चालवू लागला की शेजारचा त्याच्या दंडावर एक ठोसा ठेवून द्यायचा. जास्त करून दाखवलं तर मालक मजुरीचे दर कापतील, नाहीतर माणसं कमी करतील, ही धास्ती.

संशोधकांनी यात आर्थिक हिशेबापेक्षा गटाची भावनाच जास्त पाहिली. मे १९३२ मध्ये महामंदीने काम आटलं, कपात सुरू झाली आणि ती खोलीच बंद करावी लागली.