तांदळाचा टब आणि गुलाबी मनोरा

निळे रंगवलेले तांदूळ, त्यात दोन डाव, तीन वाट्या, एक प्लास्टिकचा डायनासोर आणि खाली ओळ: 'घरच्या घरी मॉन्टेसरी'. असा फोटो पंधरा दिवसांतून एकदा तरी मला कुणीतरी पाठवतंच. टबाबद्दल माझी काही तक्रार नाही, तक्रार त्या ओळीबद्दल आहे. टबातला खेळ म्हणजे सेन्सरी प्ले. इटलीच्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडलं आणि तिथून पुढे जे मांडलं, ते इंद्रियशिक्षण. दोन्हींत हात कामाला लागतात, दोन्हींत मूल रमतं, म्हणून लोक दोन्ही एकाच पिशवीत टाकतात. बालवाडीत इतकी वर्षं काढल्यावर हे ऐकून कान किटलेत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सेन्सरी प्ले तुम्हाला ठाऊक आहे. नाव नवं, गोष्ट जुनीच: चिखल, वाळू, पाणी, कणकेचा गोळा, आजीच्या सुपातले गहू. मूल ओततं, चिवडतं, सांडतं, पुन्हा भरतं. खुशाल करू द्या. फक्त तीनच्या आतल्या मुलाला वाटाणे-राजमा देऊन फोनमध्ये डोकं घालू नका, दाणा नाकात जायला वेळ लागत नाही. आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरात आणूच नका. गिळले तर पोटातही फुगतात.

लोक एरवी जे फरक सांगतात ते किरकोळ आहेत. एकात पसारा जास्त, दुसऱ्यात कमी. एक स्वस्त, दुसरं महाग (हे तर खरंही नाही, त्यावर पुढे येते). लाकडी असलं की मॉन्टेसरी, हा शोध खेळणी विकणाऱ्यांचा.

फरक पाहायचा तर मॉन्टेसरींच्या साहित्यातला गुलाबी मनोरा पाहा. दहा लाकडी घन. सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा, मधल्या प्रत्येक घनात एकेका सेंटिमीटरची वाढ. लाकूड तेच, आकार तोच, गुळगुळीतपणा तोच, रंगही सगळ्यांना एकच. बदलतं ते फक्त लहान-मोठेपण. आता बाजारातला रिंगांचा मनोरा आठवा. खाली लाल, त्यावर नारिंगी, मग पिवळी. मूल चार दिवसांत बिनचूक लावतं आणि घरचे टाळ्या वाजवतात. पण त्यानं आकार पाहिला, की 'लालवर नारिंगी' पाठ केलं? कळायला मार्ग नाही. रंगावरून भागत असेल तर आकाराकडे बघायचं कशाला, हा मुलाचा हिशोब अगदी बरोबर आहे. गुलाबी मनोऱ्यात ती पळवाटच बुजवलेली असते. म्हणूनच इंद्रधनुषी रंगात रंगवलेला 'मॉन्टेसरी मनोरा' ऑनलाइन दिसला की माझं डोकं सणकतं. नेमकं जे काढून टाकलं होतं, तेच परत घालून वर जास्त पैसे घेतात.

हीच युक्ती बाकीच्या साहित्यातही आहे. तपकिरी जिन्याचे दहाही ठोकळे २० सेंटिमीटर लांब, बदलते ती जाडी. लाल काठ्या दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत, बदलते ती फक्त लांबी. हलवून ऐकायच्या आवाजाच्या डब्या बाहेरून हुबेहूब सारख्या, म्हणजे डोळ्यांना सुट्टी आणि सगळं काम कानाला. एक गुण मोकळा सोडायचा, बाकीचे बांधून ठेवायचे. टबात रंग, स्पर्श, खळखळ, वजन आणि तो डायनासोर, सगळं एकदम अंगावर येतं. तीन वर्षांच्या मुलाकडे अशा अनुभवांचा ढीग आधीच साठलेला असतो, जन्मापासून ते दुसरं काय करत आलंय? टब त्या ढिगात आणखी एक टोपली ओततो. मनोरा, जिना, डब्या यांचं काम तो ढीग निवडून लावायचं.

दुसरी गोष्ट, चूक कोण दाखवतं. मुठीच्या दंडगोलांचा ठोकळा घ्या. दहा खाचा, दहा दंडगोल, प्रत्येकाची खाच ठरलेली. बारीक दंडगोल मोठ्या खाचेत सहज पडतो, त्या वेळी काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण शेवटी हातात एक जाडजूड दंडगोल उरतो आणि समोर बारीकशी खाच. आमच्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी अशीच अडली होती. तिनं तो दंडगोल ठेवला, तळव्यानं दाबला, उलटा करून दाबला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. (ही आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड कसरत, जीभ नुसती वळवळत असते.) थोड्या वेळानं तिनं सगळे दंडगोल बाहेर काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला प्रत्येक दंडगोल आधी खाचेवर धरून, डोळे बारीक करून बघत होती. 'असं नाही बाळा' हे मी मघाशीच म्हटलं असतं, तर ते बघणं झालंच नसतं. टबात ही वेळ येतच नाही, तिथे चुकायला काही नसतंच. त्या मोकळेपणासाठीच तो खेळ चांगला. पण तुलना करायला, अंदाज बांधून तो तपासायला तिथे मूल शिकेल ही अपेक्षा ठेवू नका.

मनोऱ्यात चूक इतक्या ठळकपणे ओरडत नाही, हे मान्य. तिथे तो एक सेंटिमीटरचा घन कामाला येतो. मनोरा कोपऱ्याला कोपरा जुळवून रचला तर प्रत्येक पायरीवर तो चपखल बसतो. आणि तोच घन दर महिन्याला कपाटाखाली जातो.

मग शब्द. एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांकडून मॉन्टेसरीबाईंनी तीन टप्प्यांचा पाठ घेतला. आधी 'हे जाड, हे बारीक.' मग 'जाड कुठलं ते दे.' ते जमल्यावर 'हे कसं आहे?' इथे मराठी फार कामाची आहे. काठ्या लांब-आखूड, जिना जाड-बारीक, मनोरा मोठा-लहान. आणि आपण काय करतो, तर सगळ्याला 'बिग-स्मॉल' म्हणून मोकळे होतो. पोरानं हातानं वेगळं केलेलं बाई जिभेनं परत कालवतात.

आता महाग-स्वस्ताचं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीच्या बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघांच्या साथीनं बोर्डीत काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी तयार महागडं साहित्य आणायचं कुठून? शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य झालं. आता टबातही शिंपले घालता येतातच. पण एकाच जातीचे शिंपले घेऊन लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायला सांगितले, की ते इंद्रियशिक्षण झालं.

घरी करायचं तर दुकानात जाऊ नका. आपल्याकडे उतरंड होती, आता स्टीलच्या डब्यांचा संच आहे. एकाच घाटाचे, एकाच चकाकीचे पाच-सहा डबे घ्या, झाकणं काढून बाजूला ठेवा. एकदा न बोलता सगळी लावून दाखवा आणि उठून भाजी निवडायला बसा. मोठं झाकण लहान डब्यावर नुसतं टेकतं, लहान झाकण मोठ्या डब्यात पडतं, त्यामुळे तुम्हाला काही सांगावं लागत नाही. फक्त त्याआधी सगळी झाकणं मोजून घ्या. एखादं फ्रिजखाली गेलेलं असलं, तर मूल अर्धा तास आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून बसतं.