प्रेट्झेलमध्ये गुंडाळलेली कॉकटेल सॉसेजेस घरी करताना

प्रेट्झेल या खाऱ्या जर्मन बेकरी पदार्थाचा तो चकचकीत तपकिरी रंग आणि खास चव येते सोड्याच्या उकळत्या पाण्यातून. ही पायरी गाळलीत तर पावात गुंडाळलेलं सॉसेज मिळेल, प्रेट्झेल नाही. जर्मन बेकऱ्यांमध्ये यासाठी कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण वापरतात. घरी ते मुळीच करू नका, खायचा सोडा पुरतो. बेकिंग पावडर मात्र चालत नाही, कारण तिच्यात आम्लही असतं.

24 नगांसाठी मैदा 250 ग्रॅम, कोमट पाणी 140 मिली, इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम (सपाट सव्वा चमचा), साखर 10 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम आणि बिनमिठाचं लोणी 20 ग्रॅम घ्या. पावसाळ्यात मैदा सर्दावलेला असतो, म्हणून 10 मिली पाणी हातचं राखा आणि लागलं तरच घाला. पीठ 8–10 मिनिटं चांगलं तिंबा. ते घट्टसरच हवं, सैल पिठाचा आकार पाण्यात टिकत नाही.

मग पीठ झाकून दुप्पट होईपर्यंत फुगू द्या. मुंबईच्या उन्हाळ्यात ते 35–40 मिनिटांतही दुप्पट होतं, तेव्हा घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. जास्त फुगलेलं पीठ उकळत्या पाण्यात बसतं आणि वर सुरकुत्या पडतात.

सॉसेजेस आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा. गुंडाळण्याआधी प्रत्येक सॉसेज टिश्यूने कोरडं पुसा. कंटाळा करू नका: ओल्या सॉसेजवरून पीठ घसरतं आणि आतला थर भाजूनही चिकट, कच्चट राहतो.

पिठाचे साधारण 17–18 ग्रॅमचे 24 गोळे करा. कडबोळ्यासाठी वळतो तशी 20 सेंमीची वळी करा. ती आखडत असेल तर 5 मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा वळा. सॉसेजभोवती अडीच फेरे द्या, दोन्ही टोकं उघडी ठेवा, पिठाचं टोक खाली दाबा. ताण देऊन गुंडाळलंत तर पीठ फुगताना फाटतं. मग 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गार झालेले नग पाण्यात सुटत नाहीत.

स्टीलच्या पातेल्यात 1 लिटर पाणी उकळा (ॲल्युमिनियम सोड्याने काळं पडतं). आच कमी करून 50 ग्रॅम सोडा चमच्या-चमच्याने घाला, एकदम ओतलात तर फेस उतू जातो. चार-चार नग 20 सेकंद सोडा, मध्ये एकदा उलटा, झाऱ्याने काढून नीट निथळा. 30 सेकंदांच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते.

साधा बटर पेपर सोड्याने ओलसर झालेल्या पिठाला चिकटून बसतो. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर घ्या, नाहीतर ट्रेला तेल लावा. वरून फेटलेलं अंडं लावून भरडलेलं खडेमीठ किंवा तीळ भुरभुरा. ओटीजी दोन्ही रॉड लावून 220 अंशांवर 15 मिनिटं तापवा आणि मधल्या खणात 12–14 मिनिटं भाजा. रंग चिंचोक्यासारखा गडद हवा. बदामी रंगावर काढलेल्यांना ती चव येत नाही. ओटीजी छोटा असेल तर दुसरा ट्रे फ्रिजमध्येच थांबू द्या आणि त्यातले नग आयत्या वेळी पाण्यातून काढा.

त्याच दिवशी खायचे असतील तरच मीठ लावा. इथल्या दमट हवेत मीठ पाणी सोडतं आणि वरचं कवच डागाळून मऊ पडतं. उरणारे नग बिनमिठाचे भाजून, पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि खाताना 180 अंशांवर 8–10 मिनिटं आतपर्यंत चांगले गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये कवच चिवट होतं.