मार्कअप की मार्जिन? २५ टक्के चढवले म्हणजे २५ टक्के सुटले असं होत नाही

घरगुती चकलीचा किलोला सगळा खर्च २४० रुपये येतो आणि तुम्ही ती ३०० ला विकता, तर तुम्हाला किती टक्के सुटतात? दहा जणांना विचारलंत तर निम्मे २५ म्हणतील, निम्मे २०, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. ६० रुपये तेच आहेत, फक्त एकाने ते खर्चावर मोजलेत (६० भागिले २४०) आणि दुसऱ्याने विक्रीवर (६० भागिले ३००). पहिला मार्कअप, दुसरं मार्जिन. एवढाच फरक आहे आणि तो पाच मिनिटात कळतो, पण धंद्यात बोलताना सगळे सरसकट "मार्जिन" म्हणतात आणि तिथून पुढे हिशोब गंडायला लागतो.

खर्चावर २५ टक्के चढवले की विक्रीत २० सुटतात, ५० चढवले की ३३ च्या आसपास, १०० चढवले म्हणजे दुप्पट भाव लावला तरी मार्जिन ५० च. मार्कअप २००, ३०० कितीही जाऊ शकतो, मार्जिन मात्र कधीच १०० होणार नाही, कारण मालाला काहीतरी खर्च आलेलाच असतो. त्यामुळे कोणी म्हणालं "आमच्या धंद्यात १५० टक्के मार्जिन आहे" तर तो मार्कअप सांगतोय, म्हणजे मार्जिन ६० टक्के. तेही भरपूरच आहे म्हणा.

आता याने फरक काय पडतो, रुपये तर तेवढेच ना? पडतो, कारण तुमच्याकडे टक्क्यात वाटा मागणारे जवळजवळ सगळेच लोक तो विक्रीच्या भावावर मागतात. दुकानदार एमआरपीवर मागतो, गिऱ्हाईक छापील भावावर डिस्काउंट मागतं, ऑनलाइन प्लॅटफॉर्म ऑर्डरच्या रकमेवर कमिशन कापतो, क्रेडिट कार्डाचं मशीन बिलाच्या रकमेवर कापतं (बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयला जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे हे कापलं जाणारं कमिशन, नाहीये, तेवढं सुटलो), जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी पद्धत) असाल तर तो १ टक्का पण उलाढालीवर आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायला परवानगी नाही, म्हणजे तुमच्याच खिशातून. प्रिझम्प्टिव्ह पद्धतीने (म्हणजे खर्चाचा हिशोब न देता ठरावीक नफा धरून) इन्कम टॅक्स भरत असाल तर तिथेही नफा धरतात तो विक्रीच्या ८ टक्के, डिजिटल आलेल्या पैशावर ६. म्हणजे आख्खं जग विक्रीच्या बाजूने मोजतंय आणि आपण एकटे खरेदीच्या बाजूने टक्के डोक्यात घेऊन बसलोय.

परत चकलीकडे येऊ. दिवाळीच्या आधी कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "ताई तुमचा माल ठेवतो, एमआरपीवर वीस टक्के द्या." ताईंच्या डोक्यात काय असतं की आपल्याला पंचवीस सुटतात, वीस त्याला दिले तरी पाच राहतील, आणि पन्नास किलोची ऑर्डर आहे म्हणजे चांगलंच आहे. प्रत्यक्षात ३०० चे वीस टक्के म्हणजे ६० रुपये दुकानदाराला, ताईंच्या हातात २४०, म्हणजे खर्च निघाला आणि नफा शून्य. पन्नास किलो चकल्या तळून शून्य! त्यात दोन-चार किलो मोडल्या तर उलट पदरचे गेले.

मग भाव लावायचा कसा? उलटीकडून. तुम्हाला २५ टक्के मार्जिन हवंय तर २४० ला ०.७५ ने भागा, ३२० येतात, हा तुमचा दुकानदाराला द्यायचा भाव. दुकानदाराला एमआरपीवर वीस हवेत तर ३२० ला ०.८० ने भागा, ४०० येतात, ही एमआरपी. तपासून बघा, ४०० चे वीस टक्के ८० गेले, ३२० राहिले, त्यात खर्च २४० आणि तुमचे ८०, म्हणजे ३२० च्या बरोबर २५ टक्के. हेच जर २४० वर आधी २५ चढवले आणि मग २० चढवले असते तर ३६० आले असते, दुकानदाराने त्यातले ७२ घेतले असते आणि तुम्हाला किलोमागे ८० च्या जागी ४८ राहिले असते. किलोमागे ३२ रुपये गेले कुठे तर नुसत्या गुणाकार-भागाकारात.

चारशेला चकली कोण घेईल, हा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. कदाचित कोणी घेणार नाही, मग दुकानात माल ठेवायचा नाही, सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर ३०० लाच विकायची, कमी विकली गेली तरी चालेल. पण निदान ते आधी कळलं पाहिजे, तळून झाल्यावर नाही.

ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर अजून एक पाचर असते. कमिशन २० टक्के सांगतात, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे खरे २३.६ जातात, आणि तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन नियमित प्रकारचं नसेल (कंपोझिशनचं असेल किंवा मुळात नसेलच) तर तो जीएसटी परत मिळत नाही. तुमच्याच जीएसटीचंही असंच उलटं गणित आहे. पॅकबंद फरसाण-नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ च्या जागी ५ टक्के लागतो आणि एमआरपी सगळे कर धरूनच छापायची असते. तर ३१५ एमआरपीत कर किती? बरेच जण ३१५ चे ५ टक्के काढून वजा करतात आणि २९९.२५ काढतात, बरोबर उत्तर ३१५ भागिले १.०५ म्हणजे ३०० आहे. तुमचं मार्जिन त्या ३०० वर मोजायचं, ३१५ वर नाही, ते १५ रुपये आपले नव्हेतच.

डिस्काउंट हा तर सगळ्यात महागडा विषय. कुर्ती ७०० ला पडते, १००० ला विकता, मार्जिन ३० टक्के. सेल लावला, १० टक्के सूट. वाटतं की दहाच तर टक्के दिले, पण नफा ३०० वरून २०० वर आला, म्हणजे तेवढेच पैसे कमवायला आता दीडपट कुर्त्या विकायच्या. आणि कुर्ती ८०० ला पडत असेल तर नफा २०० चा १०० झाला, सरळ दुप्पट माल विकायला लागेल, दुप्पट घड्या घालायच्या, दुप्पट पार्सलं भरायची, तेवढ्याच पैशासाठी. स्वतःचा वेळ फुकट धरणाऱ्या माणसाला हे कधीच दिसत नाही. मला तर वाटतं छोट्या दुकानदाराने सूट देण्यापेक्षा एखादी छोटी वस्तू बरोबर द्यावी, गिऱ्हाइकाला ती शंभरची वाटते आणि आपल्याला ती साठला पडलेली असते. जुना पडून राहिलेला माल काढायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लावा खुशाल सेल.

जाहिरातीतही हेच. इन्स्टाची जाहिरात सांभाळणारा पोरगा सांगतो, "सर, चार पट रिटर्न आलाय", म्हणजे १००० रुपये जाहिरातीला घातले आणि ४००० ची विक्री झाली, याला ते लोक रोआस म्हणतात. ऐकायला भारी वाटतं. पण चार पट म्हणजे विक्रीच्या २५ टक्के जाहिरातीत गेले, मग तुमचं मार्जिन २५ असेल तर हातात काही नाही, बरोबरीत सुटलात. आणि तुम्ही ज्याला २५ समजत होतात तो मार्कअप असेल, म्हणजे खरं मार्जिन २०, तर तुम्ही प्रत्येक चार हजारावर २०० रुपये घालवताय आणि वर त्या पोराला फी पण देताय. किती पटीला बरोबरी होते ते काढायचं असेल तर १०० ला मार्जिनच्या टक्क्याने भागा, २० ला पाच पट, २५ ला चार पट, ४० ला अडीच पट. हा आकडा जाहिरात सुरू करायच्या आधी त्याला सांगून ठेवा. एक अपवाद मात्र धरायला पाहिजे, तेच गिऱ्हाईक परत परत येणारं असेल (मसाले, डबा, पाळीव प्राण्यांचं खाणं) तर पहिल्या ऑर्डरला तोटा चालू शकतो, लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्याला नाही चालणार.

म्हणजे मार्कअप वाईट असं काही नाही. हार्डवेअरच्या दुकानात रोज शंभर वस्तूंचं बिल येतं, तिथे खरेदीवर अमुक टक्के चढवून स्टिकर मारणं हीच सोपी पद्धत आहे, सराफाची घडणावळसुद्धा बरेचदा सोन्याच्या किमतीवर टक्क्यात चढवलेली असते. फक्त चढवायचा आकडा आधी मार्जिनवरून काढून ठेवायचा: ३० मार्जिन हवं तर ४३ चढवा, ४० हवं तर ६७. आणि शब्दावर जाऊ नका, औषधांच्या किमतींचा सरकारी आदेश आहे २०१३ चा, त्यात कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन धरलंय, पण सूत्र बघितलं तर ते १६ टक्के त्याला पडणाऱ्या सरासरी भावावर चढवलेत, म्हणजे विक्रीवर मोजाल तर १३.८ च. खुद्द सरकारी कागदावर ही अवस्था, तर आपल्या एजन्सीवाल्या सेल्समनला काय बोलणार.

खर्चात काय काय धरायचं हा वेगळाच मोठा विषय आहे, पण निदान पिशवी, लेबल, गॅस, मदतीच्या बाईंचा रोज, तुटलेला माल आणि स्वतःची मजुरी एवढं तरी धरा. दुकानाचं भाडं, नोकराचा पगार, लाईट बिल हे त्यात घालू नका, ते मार्जिनमधून भागवायचं असतं. भाडं-पगार-लाईट मिळून महिन्याला ३६,००० जात असतील आणि मार्जिन २० असेल तर ३६,००० भागिले ०.२०, म्हणजे १,८०,००० ची विक्री झाल्यावर तुमचा नफा सुरू होतो, रोजचे ६,०००. तेच चुकून २५ धरलंत तर १,४४,००० येतात, रोजचे ४,८००. म्हणजे रोज पाच हजाराचा गल्ला मोजून खूश होणारा माणूस खरं तर रोज २०० रुपये तोट्यात असतो आणि मार्चमध्ये सीएकडे गेल्यावर त्याला शोध लागतो.

जाता जाता स्कीमचं पण बघून ठेवा. "बारावर एक फ्री" म्हणजे सेल्समन आठ टक्के सांगतो, काही जण साडेआठ पण सांगतात. तुम्ही पैसे बाराचे दिलेत पण नग तेरा आलेत, म्हणून सूट १ भागिले १३, ७.७ टक्के. दहावर एक म्हणजे १० नाही, ९.१. आणि तेरावा नग विकला गेला तरच ती सूट, एक्स्पायरीला आलेला माल असेल तर त्याच्याकडून स्कीमऐवजी बिलातच रोख सूट मागा, बहुतेक वेळा थोडी कमी देतो पण देतो.